एका बैलाला वाडीचं पुरण

परवा नातीनं पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. गुरांच्या ढेकरांतून मिथेन नावाचा वायू बाहेर पडतो, त्यानं म्हणे पृथ्वी तापते, आणि गुरांच्या खाण्यात काय फरक केला म्हणजे तो कमी होईल याचा शोध चाललाय. ‘ढेकर’ या शब्दाला ती खूप हसली. मग म्हणाली, आजी, तुला नाही का गंमत वाटली? मी म्हटलं, बाळे, माणसांनी धूर ओकायचा आणि हिशेब बैलाच्या ढेकराचा मांडायचा, यात गंमत ती काय. ती पुन्हा हसली आणि पुढचं पान वाचू लागली.

मी मात्र त्या बातमीतून लवकर बाहेर पडले नाही. गुराच्या पोटात काय जातं त्यावर तिथला वारा ठरतो, हे समजायला मला पेपर लागला नव्हता. बाहत्तरच्या दुष्काळानंतरच्या बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, नाकानंही. तो वास अजून आठवतो. आठवतो म्हणून मी पुरण शिजवताना आजही खिडकी उघडी ठेवते, आणि सुना समजतात की म्हातारीला उकाडा सोसत नाही.

माझं माहेर बार्शीचं. वडील धान्याच्या अडतीवर कामाला. गुरं म्हणजे बाजारात पोती घेऊन येणाऱ्या गाड्यांना जुंपलेली, एवढीच माझी ओळख. लग्न होऊन आले ती नातेपुत्याच्या दक्षिणेला माळावरच्या एका वाडीत. नातेपुत्याकडे कालव्याचं पाणी, ऊस, हिरवळ. आमच्याकडे नुसता मुरूम. दोन्हींच्या मध्ये काही कोसांचं अंतर, पण देव जणू त्या वाटेवरच दमून बसला होता. डझनभर घरांची वाडी, सगळे एकमेकांचे कोण ना कोण. हे, म्हणजे माझे यजमान, सोलापुरात गिरणीत बदली कामगार होते. महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. घरी मी, सासूबाई आणि सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या, तसंच मीही म्हणत असे.

मामा कमी बोलायचे. माझ्याशी तर फारच कमी, कारण मी बार्शीची, शाळा शिकलेली आणि तोंडाची फटकळ. पण बैलांशी त्यांचं बोलणं चालायचं. खिल्लारांची जोडी होती, पांढरीशुभ्र. जुंपताना जो डाव्या अंगाला असायचा तो डाव्या, दुसरा उजव्या. संध्याकाळी वैरण टाकून झाली की मामा एकेकाच्या डाव्या कुशीला कान लावून उभे राहायचे. सुरुवातीला मला वाटलं, म्हातारा टेकून दम खातोय. एकदा मी विचारलंच, काय ऐकता? तर म्हणाले, “प्वाट बोलतं. त्ये बोलतंय तवर काळजी न्हाय.” मग मला पुढं ओढून माझाही कान तिथं टेकवायला लावला. आत लांब कुठंतरी मोट रिकामी होत असावी तसा आवाज होता. थांबायचा, पुन्हा यायचा. त्यानंतर डाव्यानं मान लांबवून एक ऊन श्वास सोडला आणि त्याला कडब्याचा, वाळल्या ज्वारीच्या ताटांचा गोडसर वास होता. मामा म्हणाले, ह्यो ढेकर. कडबा खाल्ला तर असा येतो, हिरवं खाल्लं तर निराळा. ढेकर आला म्हणजे वारा वाट शोधून बाहेर पडला. मी तोंडाला पदर लावला. मामा पहिल्यांदा माझ्यासमोर हसले असतील ते तेव्हा.

मग दुष्काळ आला. त्याचं वर्णन मी करत बसत नाही, ते पुष्कळांनी केलंय. कडबा संपला, मग छपरावरचं पाचट संपलं. नातेपुत्याकडे कालव्याकाठी गुरांची छावणी उघडली, तेव्हा वाडीतली सगळी गुरं तिकडं निघाली आणि त्यांच्याबरोबर घरटी एकेक माणूस. आमच्या घरातून मामा गेले. छावणीत आधी उसाचं वाढं मिळायचं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. पुढं तेही संपलं आणि चिपाड आलं. ऊस पिळून झाल्यावर जो कोरडा चोथा उरतो तो. त्याच्यावर मळी शिंपडायची, कारखान्यातला काळा पाक, म्हणजे गुरं निदान तोंड तरी लावतील. आम्ही इकडं दुष्काळी कामावर खडी फोडत होतो आणि लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी खात होतो. आमचीही पोटं फुगायची. वाडीत त्या वर्षी कुणी ढेकर दिला तरी कुणी नाव ठेवत नसे.

मी आठवड्याला छावणीवर जायची, मामांचं धुणं आणि थोडं पीठ घेऊन. रांगेनं बांधलेली गुरं, सगळ्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या, पण पोटं मात्र मोठी. मला ते कोडं वाटायचं. मामा म्हणायचे, चिपाड पोटात नुसतं पडून राहतं, त्याला पचायला दिवस लागतात, आणि तवर वाराच जास्त. ढेकरांना आता गोड वास नव्हता. ओल्या लाकडासारखा काहीतरी होता. त्या छावणीवर संध्याकाळी वारा पडला की तोच वास सगळीकडे भरून राहायचा, आणि आम्हाला तो दुष्काळाचाच वास वाटायचा.

आमच्या शेजारच्या काकू छावणीवर स्वतः राहायच्या. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एक भिंत. नवरा गेलेला, मुलगी सासरी, घरात कुणी नाही. त्यांचेही दोन बैल होते, आमच्या जोडीच्याच वयाचे. काकू आणि मामा यांचे खुंटे शेजारी शेजारी, तीन दगडांची चूल एकच, आणि चिपाड कुणाच्या वाट्याला जास्त आलं यावरून रोजचं भांडण. त्या भांडणावरच दोघं तगले असं मला वाटतं.

उन्हाळ्याच्या शेवटी जनावरं बसायला लागली. एकदा बसलेला बैल उठत नसे. आधी आमचा उजव्या गेला. मग काकूंचा एक, आणि पंधरवड्याच्या आत दुसरा. वाडीतली बाकीची काही तिथंच गेली, काही परतीच्या वाटेवर विकली गेली. कुणाला, ते कुणी सांगत नसे आणि आम्ही विचारत नसू. पाऊस झाल्यावर छावणी उठली, आणि आमच्या सगळ्या वाडीत चार पायांवर चालत परत आला तो एकटा डाव्या. मामा पुढं, डाव्या मागं आणि त्याच्या मागं काकू, हातात दोन रिकामे कासरे. मी दारात भाकरतुकडा घेऊन उभी होते. काकू माझ्याकडे न बघता आपल्या घरात गेल्या.

आता सगळं डाव्यावर होतं. आमच्याकडची खरी पेरणी रब्बीची, दिवाळीच्या आगेमागे. शेजारच्या गावात मामांच्या बहिणीकडेही एकच बैल वाचला होता. दोन घरांचे दोन एकेकटे मिळून एक जोडी करायची आणि दोन्हीकडची ज्वारी पेरायची, असं भावा-बहिणीचं ठरलं. तोपर्यंत डाव्याच्या अंगावर मांस धरलं पाहिजे. ज्वारी आली तर हे सोलापूर सोडून घरी राहणार होते. नाहीतर आम्हीही चाळीत जाणार, आणि मामा-आत्या मागं एकटे. हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण डाव्याला पाणी दाखवताना प्रत्येकाच्या मनात तेच असायचं.

मामांनी त्याला फार जपून चारलं. बांधाला नवं गवत आलं होतं, तरी मोकळा सोडला नाही. मूठभर कापून आणायचे, त्यात जुनं वाळकं मिसळायचे. मी म्हटलं, एवढं हिरवं आहे, पोटभर खाऊ द्या की. ते म्हणाले, उपाशी प्वाट हाय, त्याला एकदम धरवत न्हाय. संध्याकाळी कुशीला कान लावायचे आणि मान हलवायचे. पोट अजून हळूच बोलत होतं.

मग बेंदूर आला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तेलानं मळायचे. बेंदराच्या दिवशी त्याला धुवायचं, शिंगं रंगवायची, झूल घालायची, आणि दुपारी मिरवून घरोघर न्यायचं. प्रत्येक दारात बाई त्याच्या पायांवर पाणी घालते, कपाळाला कुंकू लावते आणि ताटातली पुरणाची पोळी आणि शिजवलेल्या ज्वारीचा खिचडा आपल्या हातानं चारते. वर्षभर त्यानं ओढलेलं असतं, म्हणून त्या एका दिवशी त्याला काम नाही आणि त्याला नाही म्हणायचंही नाही. आणि त्याच्यासमोर नेलेलं ताट भरलेलं परत आणायचं नाही. तो अपशकुन.

एरवी वाडीत वीस-पंचवीस बैल असायचे, त्यामुळे एकेकाच्या वाट्याला घासभर यायचं. त्या वर्षी बैल एकच होता आणि ताटं सगळी होती.

त्या सकाळी वाडीतल्या प्रत्येक चुलीवर पुरण शिजत होतं. कुठून आणलं त्यांनी देव जाणे. माणसांच्या ताटात अजून मिलोच होता, पण डाळ-गूळ बैलासाठी म्हणून लपवून ठेवलेला निघाला. ज्यांचा गोठा रिकामा होता त्यांनी तर जास्तच केलं होतं. गेल्या बेंदराला ज्याला चारलं तो आता नाही, मग त्याचं ताट कुणाला घालायचं? डाव्याला. सगळ्यांना एवढंच सुचलं, आणि त्यांच्या जागी असते तर मीही वेगळं केलं नसतं.

डाव्या त्या दिवशी देखणा दिसत होता. हाडं झुलीखाली झाकली गेली होती. पहिल्या दारात त्यानं पोळी हुंगली आणि मग अशी खाल्ली की बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं. दुसऱ्या दारात दोन. तिसऱ्या घरच्या म्हातारीनं खिचड्याचं अख्खं पातेलं पुढं धरलं. मामा कासरा धरून होते. त्यांनी एक-दोनदा म्हटलं, जरा बेतानं. पण ते इतक्या हळू म्हणाले की मलाच ऐकू गेलं असेल. दार बदलायचं, बाई बदलायची, प्रत्येकीचा हात डाव्याच्या गळ्यावरून फिरायचा आणि प्रत्येकीला आपलाच बैल आठवायचा. कोण कुणाला थांबवणार?

शेवटचं दार काकूंचं. त्या उंबऱ्यावर उभ्या होत्या, केस विंचरलेले, कपाळ रिकामं. छावणी उठल्यापासून मी त्यांना उन्हात पाहिलं नव्हतं. हातात मोठी परात, तीत पोळ्यांची चवड आणि गुळाचा पाक. मामांनी या वेळी जरा मोठ्यानं म्हटलं, “वयनी, लई झालंय त्याला. निम्मं ठिवा.”

काकू परातीकडे बघत म्हणाल्या, “दोघांचं हाय.”

मामांनी कासरा सैल सोडला. काकूंनी एक पोळी एकाच्या नावानं, एक दुसऱ्याच्या नावानं अशी सगळी परात त्याला चारली. डाव्यानं शेवटी शेवटी नुसतं तोंड उघडं धरलं होतं. परात रिकामी झाली तेव्हा काकूंनी ती पदरानं पुसली आणि पहिल्यांदा हसल्या. मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मी विसरू शकत नाही आणि त्याची मला चीडही येते.

दिवस कलताना डाव्या रवंथ करेना. मामांनी कुशीला कान लावला आणि लावूनच राहिले. मग दुसऱ्या बाजूनं येऊन पुन्हा लावला. मला म्हणाले, तू बघ. मी कान टेकवला. आत काही नव्हतं. मोट थांबली होती. आणि कूस हाताला कडक लागत होती, वरच्या वर फुगत होती.

जे जे ठाऊक होतं ते सगळं केलं. ओवा-हिंग घालून गोडं तेल बांबूच्या नळीनं पाजलं. कडुनिंबाची काठी लगामासारखी तोंडात आडवी बांधली, म्हणजे तो चघळत राहील आणि ढेकर येईल. पुढचे पाय उंचवट्यावर करून उभं केलं. कुशीला तेल लावून रगडलं. आत्या देवाला नवस बोलल्या. एकजण सायकलवर नातेपुत्याला गुरांच्या डॉक्टरांकडे गेला. ती रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. ढेकर काही आला नाही.

उजाडता उजाडता डॉक्टर फटफटीवर आले. तरुण होते, रात्रभर दुसऱ्या गावात असंच एक जनावर बघून तिथूनच आले होते. त्यांनी डाव्याकडे एकदा पाहिलं आणि पिशवीतून जाड सुई काढली, नळी चढवलेली. तोवर वाडी गोळा झाली होती. पुरुष विड्या ओढत भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टर त्यांच्याकडे वळून म्हणाले, “आधी त्या विड्या विझवा. गोबरगॅसची टाकी पाहिलीत ना कुणी? तोच गॅस आहे हा. पेटतो.”

विड्या पायाखाली गेल्या. मला तेव्हा नवल वाटलं, की ज्या ढेकराला मी तोंडाला पदर लावला तोच वारा पेटतो, त्यावर चूल चालते, आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर तोच बैलाचा जीव घेतो. डॉक्टरांनी कुशीवरची जागा चाचपली आणि सुई मारली. आतली सळई काढल्याबरोबर फुस्स करून वारा निघाला, निघतच राहिला.

आणि वास आला. आंबलेल्या गुळाचा. शिळ्या पुरणाचा.

अंगणात बायका उभ्या होत्या, आदल्या दिवशी ज्यांनी ज्यांनी ताट धरलं होतं त्या सगळ्या. तो वास कशाचा हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. वेलची कुणी घातली होती आणि कुणी नव्हती हेसुद्धा ओळखू येईल, इतका तो आमच्या चुलींचा वास होता. काकूंनी पदर नाकाशी नेला, मग काहीतरी वाटून तो खाली केला आणि तशाच उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं बघितलं तर त्या नव्हत्या.

कूस मात्र उतरली. डाव्यानं मान टाकून मोठा श्वास सोडला, आणि मामा हसले. आत्यांनी चहा ठेवायला मला आत पाठवलं. डॉक्टरांनी सोडा पाण्यात कालवून नळीनं पाजला, पण ते हसत नव्हते. चहाचा कप हातात घेऊन ते मामांशी बोलले, बापाशी बोलावं तसं, सावकाश. बैलाच्या पोटात बारीक जंतू असतात, तेच त्याचं खाणं पचवतात. कडब्याचे निराळे, हिरव्याचे निराळे, धान्याचे निराळे. सहा-सात महिने चिपाड खाल्लं तर आत चिपाडाचेच जंतू उरतात. त्यांच्यासमोर एकदम एवढं गोड आणि धान्य आलं की ते पचत नाही, आंबतं. गॅस तर होतोच, पण आंबट पाणी रक्तात जातं. गॅस मी काढला, आंबलेलं मला काढता येत नाही. रोज मूठ मूठ वाढवत नेलं असतं तर महिन्याभरात यानं पोळीही पचवली असती.

मामा म्हणाले, “मूठ मूठच चारत हुतो मी, सायेब.”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. म्हणाले, माहीत आहे. रात्री ज्या गावात होतो तिथंही हेच झालं. जे बैल दुष्काळातून वाचले, त्यांचंच या बेंदराला खरं नाही. आणि कुणाला रागवावं तेही कळत नाही.

डाव्या दुपारी गेला. चारी पाय पोटाशी घेऊन, झोपल्यासारखा. शिंगांचा रंग अजून ओला वाटत होता. मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम जवळच्या गावातल्या बौद्ध वस्तीनं केव्हाच सोडलं होतं, आणि बरंच केलं. आपलं आपण पुरायला शिकलं पाहिजेच. मामांनी आपल्या रानात बांधाच्या कडेला खड्डा घेतला. माणसं मदतीला आली. बौद्ध वस्तीतला एकजण छावणीवर मामांच्या ओळखीचा झाला होता, तोही कुदळ घेऊन आला, कुणी न बोलावता. काकू आल्या नाहीत.

त्यानंतर त्या आमच्या अंगणात आल्याच नाहीत. मधली भिंत होती तेवढीच, पण सकाळी पाणी आणायला जाताना त्या लांबच्या वाटेनं जायच्या. मी एक-दोनदा हाक मारली. ओ दिली नाही. वाडीत कुणी त्यांना बोल लावला नव्हता. बोल लावायचा तर प्रत्येक घराला लावावा लागला असता. पण शेवटची परात त्यांची होती, आणि मामांनी नको म्हटल्यावर दिलेली होती, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. आत्या म्हणायच्या, काळानं विसरंल. मला ते पटत नव्हतं. विसरायला माणसाला दुसरं काहीतरी लागतं, आणि काकूंच्या घरात दुसरं काहीच नव्हतं.

मामांचंही तसंच. पेरणी उशिरा झाली, दुसऱ्याच्या बैलांनी, त्यांचं उरकल्यावर. ज्वारी आली, पण विरळ, गुडघ्याएवढी. हे सोलापुरातच राहिले आणि मी पुढच्या वर्षी त्यांच्याकडे जायचं ठरलं. मामा संध्याकाळी गोठ्यात जाऊन उभे राहायचे, दावणीपाशी. कान लावायला काही नव्हतं. एकदा मी चिडून म्हणाले, तुम्ही कासरा ओढला असता तर बैल जगला असता. तोंडातून गेलं खरं. मामा शांतपणे म्हणाले, “बैल जगला असता. वयनी न्हाय.” मग बाहेर निघून गेले. मी तिथंच दावणीवर बसून रडले, त्यांच्यासाठी की काकूंसाठी, ठाऊक नाही.

पुढचा बेंदूर आला. ज्याच्या गोठ्यात बैल नाही त्यानं मातीचे बैल आणून पुजायचे असतात. वाडीत एव्हाना चार-दोन घरांनी बैल आणले होते, आमच्याकडे नव्हता. मामांनी कुंभाराकडून मातीचा बैल आणला. लोक जोडी आणतात, त्यांनी एकच आणला. आत्यांनी पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं आणि पुरणाच्या पोळीचं ताट पुढं केलं. मामांनी ताट बाजूला सारलं. कडब्याचं एक धाट मोडून त्याच्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, आज एवढंच.

आत्यांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मलाही क्षणभर वाटलं. दुसऱ्या दिवशी मातीचा बैल विहिरीत सोडतात. मामांनी सोडू दिला नाही. कोनाड्यात ठेवला. सकाळी कालचं काढलं आणि जरा जास्त कडबा ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यात हिरव्या गवताच्या दोन काड्या. मग रोज थोडं थोडं वाढवत नेलं. कडबा कमी, हिरवं जास्त. पुढं चार दाणे ज्वारीचे, मग चिमूटभर, मग मूठ. शेतावरून आले की हातपाय धुवायच्या आधी ते काम. वाडीतली मुलं हसायची, त्यांना कुणी रागावत नव्हतं. पलीकडे काकूंनाही हे कळलं असणार, वाडीत काय लपतं?

श्रावण अर्धा झाला तेव्हा मामा सकाळीच आत्यांना म्हणाले, पुरण घाल. सण नव्हता, वार नव्हता. आत्यांनी न विचारता डाळ शिजत टाकली. पोळ्या झाल्यावर मामांनी मला काकूंना बोलवायला पाठवलं. मी म्हटलं, त्या येणार नाहीत. म्हणाले, “सांग, बैल खातोय आता. परात घिऊन या म्हणावं.”

मी गेले आणि शब्द न बदलता तसंच सांगितलं. काकू जात्यापाशी बसल्या होत्या. त्यांनी जात्याचा खुंटा सोडला. मग उठल्या, फळीवरून तीच परात काढली, पुसली आणि माझ्यामागून आल्या. वर्षानंतर आमचा उंबरा ओलांडताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. आत्यांनी परातीत दोन पोळ्या वाढल्या. मामांनी कोनाड्यातला बैल काढून पाटावर ठेवला. त्याचं एक शिंग तोवर मोडलं होतं आणि रंग पोपडे धरून निघाला होता.

काकूंना हात पुढं नेता येईना. मामा म्हणाले, “घाला. आता सोसंल त्याला.”

त्यांनी एक पोळी ठेवली. थांबल्या. मग दुसरी ठेवली आणि हात मागं घेतला. बाहेर कुणाच्या तरी नव्या बैलाची घंटा वाजत होती. मामा गुडघ्यावर वाकले, त्या मातीच्या बैलाच्या डाव्या कुशीवर दोन बोटं ठेवली, दाबून बघितल्यासारखी केली, आणि तशीच ठेवून काकूंकडे वर पाहिलं.

“न्हाय फुगलं,” ते म्हणाले.